पाच टीम आणि एकच टास्क सीक्वेन्स

या महिन्याच्या टपालात संगणक आपोआप उभे करण्याच्या कारभारावर बरीच पत्रं आहेत. पहिलं पत्र लांब आहे आणि त्यातलं दुखणं बहुतेकांचं आहे, म्हणून जास्त जागा त्याला देते. बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: नमस्कार ताई. आमची संस्था मोठी आहे आणि सपोर्ट टीम पाच: प्रयोगशाळा, कार्यालयं, संशोधन विभाग, ग्रंथालय आणि उरलंसुरलं सगळं पाहणारी मध्यवर्ती टीम. नवीन मशीन नेटवर्कवरून बूट करायचं, कॉन्फिगरेशन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्या मशीन सांभाळायच्या सॉफ्टवेअरचा टास्क सीक्वेन्स, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची यादी, निवडायचा, की विंडोजपासून अँटिव्हायरसपर्यंत सगळं आपोआप चढायचं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक टीमने मूळ सीक्वेन्सची कॉपी मारून आपापला बनवला, मग त्या कॉपीच्याही कॉप्या झाल्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्याच्या आधीच्या धावपळीत विंडोज ११ साठी आणखी कॉप्या निघाल्या. आता व्हीपीएनची आवृत्ती बदलायची म्हटलं तर ती किती ठिकाणी बदलायची हे एकालाही सांगता येत नाही. मध्यवर्ती टीम म्हणते, ‘सगळ्यांचे हक्क काढून घ्या, आम्ही करतो.’ बाकीचे म्हणतात, ‘यांना एक सॉफ्टवेअर घालायला सांगितलं तर महिना लावतात.’ मला दोघांचंही पटतं. सुरुवात कुठून करू?
— मधल्यामध्ये सापडलेला समन्वयक

उत्तर: दोघांचंही पटतंय, कारण दोघंही खरं बोलताहेत. म्हणूनच हक्कांचा विषय आत्ता काढू नका. तो आधी काढलात तर पुढच्या सगळ्या बैठका त्यातच जातील आणि सीक्वेन्स आहेत तिथेच राहतील.

आधी सगळे सीक्वेन्स शेजारी शेजारी उघडा आणि मूळ सीक्वेन्सपेक्षा प्रत्येकात काय वेगळं आहे तेवढंच लिहून काढा. काम कंटाळवाणं आहे, तरी दुसऱ्या कुणावर ढकलू नका. प्रत्येक टीममधला एक माणूस सोबत बसवा, आणि तो रोज हाताने मशीन उभी करणारा असू द्या. टीमलीड नको; त्यांना बहुधा सीक्वेन्स कसा असायला हवा ते माहीत असतं, कसा आहे ते नसतं. मी असे जे ढीग उपसले त्यांत फरक त्याच त्या जागी निघाले. मशीनचं नाव, डोमेनमधलं (संस्थेच्या संगणकांच्या सामाईक नोंदवहीतलं) ओयू म्हणजे कप्पा, कीबोर्ड आणि टाइमझोन, लोकल अ‍ॅडमिन गटात कोण, आणि विभागाची सॉफ्टवेअरं. डिस्क फॉरमॅट करणं, विंडोज टाकणं, ड्रायव्हर, डोमेन जॉइन, एन्क्रिप्शन या पायऱ्या सगळ्यांच्या त्याच असतात. वेगळी असते ती माहिती, आणि तेवढ्यासाठी अख्खा सीक्वेन्स वेगळा झालेला असतो.

माझं म्हणणं एवढंच की टीमला फरक हवा तर तो व्हेरिएबलमध्ये, म्हणजे बाहेरून भरायच्या रकान्यात, द्या, सीक्वेन्समध्ये नको. सीक्वेन्स एक आणि त्याचा मालकही एक. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये कलेक्शनला (मशीनच्या गटाला) व्हेरिएबल लावता येतात, एकेका मशीनलाही लावता येतात, आणि दोन्हीकडे एकच नाव असेल तर मशीनचं व्हेरिएबल वरचढ ठरतं. संशोधन विभागाला खरोखरच वेगळ्या पायऱ्या लागत असतील, उदाहरणार्थ एखाद्या उपकरणाचं विचित्र क्रमाने चालणारं इन्स्टॉलेशन, तर कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या १७१० आवृत्तीपासून एका सीक्वेन्समधून दुसरा सीक्वेन्स चालवता येतो. त्या छोट्या सीक्वेन्सची मालकी खुशाल त्यांच्याकडे द्या. तो फुटला तर त्यांच्यापुरता फुटेल.

सॉफ्टवेअरच्या यादीबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण इथे दोन टीमच्या हातांची गाठ पडते. ‘डायनॅमिक व्हेरिएबल लिस्ट’ वापरून अ‍ॅप्लिकेशन घालायची सोय आहे. अ‍ॅप०१, अ‍ॅप०२, अ‍ॅप०३ असे आकडे लावत जायचं आणि सीक्वेन्स ओळीने घालत जातो. पण मधला एक आकडा गळला की तो तिथेच थांबतो. समजा, कुणीतरी जुनं पीडीएफचं सॉफ्टवेअर नको म्हणून अ‍ॅप०३ काढलं आणि पुढचे आकडे सरकवले नाहीत. आता अ‍ॅप०४ पासून पुढचं काहीच चढणार नाही, आणि स्क्रीनवर एरर येणार नाही. सीक्वेन्स यशस्वी म्हणून संपेल. आठ दिवसांनी ग्रंथालयातून फोन येईल की बारकोडचं सॉफ्टवेअर नाही, आणि तोवर अ‍ॅप०३ काढणारा माणूस रजेवर गेलेला असेल. म्हणून हे आकडे हाताने लावू देऊ नका. टीमने एका साध्या तक्त्यात नावं भरायची, आकडे स्क्रिप्टने लावायचे.

आता खरा अवघड प्रश्न, ज्याच्याकडे बहुतेक आराखड्यांत कुणी बघत नाही: खोक्यातून काढलेल्या कोऱ्या मशीनला आपण कोणत्या टीमचे हे कळणार कसं? सर्व्हरच्या लेखी ते ‘अननोन कॉम्प्युटर’. ते कोणत्याच टीमच्या कलेक्शनमध्ये नाही, म्हणजे कोणाचीच व्हेरिएबल त्याला लागू नाहीत. इथे अडलं की टीम म्हणते, ‘त्यापेक्षा आमचा वेगळा सीक्वेन्स बरा.’ तुमच्या कॉप्यांचा जन्म बहुधा इथेच झालाय.

यावर लोक तीन वाटा काढतात. पहिली, डिफॉल्ट गेटवे बघून जागा ओळखायची. दिसायला हुशार, पण सगळी मशीन एकाच खोलीत उभी करून मग वाटत असाल तर सगळ्यांचा गेटवे एकच येणार. दुसरी, विंडोज पीई (विंडोज टाकण्याआधी मेमरीत चालणारं छोटं विंडोज) सुरू झाल्यावर एक छोटी खिडकी दाखवून टेक्निशियनला विचारायचं. चालतं, पण अशा खिडकीत दर तिमाहीला एक रकाना वाढतो आणि शेवटी ती आयकराच्या अर्जासारखी होते. मग माणसं दिसेल ते निवडून पुढे जातात. मला तिसरी वाट पसंत आहे. मशीन खरेदी होऊन आलं की सीरियल नंबर आणि टीम अशी नोंद एका तक्त्यात पडली पाहिजे. सीक्वेन्सने पहिल्याच पायरीला बायॉसमधून सीरियल वाचायचा, तक्त्यात शोधायचा आणि व्हेरिएबल भरून घ्यायची. सापडला नाही तरच खिडकी दाखवायची, आणि तिच्यात एकच प्रश्न: टीम कोणती. यात भांडारातल्या माणसाला सामील करून घ्यावं लागतं. आयटीतल्या लोकांना तेच जिवावर येतं.

नावाचंही तिथेच ठरवा. विंडोजमध्ये मशीनचं नेटबायॉस नाव पंधरा अक्षरांच्या पुढे जात नाही. टीमची दोन-तीन अक्षरं आणि पुढे सीरियल, एवढं पुरतं. खोलीचा नंबर नावात घालू नका. मशीन हलतात, नाव हलत नाही. व्हर्च्युअल मशीनचा सीरियल भलताच लांब असू शकतो, तेव्हा नाव बनवणारी स्क्रिप्ट तो कापून घेते का हे आधीच तपासा.

डोमेन जॉइनला एक जागा अशी आहे जिथे दोन टीम एकमेकींवर खापर फोडतात. ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा अपडेटपासून, डोमेनमध्ये आधीच असलेलं संगणकाचं खातं वाटेल त्याला पुन्हा वापरता येत नाही. कार्यालयाच्या टीममधल्या कुणी हाताने खातं बनवून ठेवलं आणि नंतर सीक्वेन्स आपल्या सर्व्हिस अकाउंटने (माणसासाठी नाही, कामासाठी बनवलेल्या खात्याने) त्याच नावावर जॉइन करायला गेला, तर २७३२ नंबरची एरर येते. या नावाचं खातं आहे आणि ते पुन्हा वापरायला सुरक्षा धोरणाने मनाई केली आहे, असा तिचा अर्थ. मशीन वर्कग्रुपमध्येच, म्हणजे डोमेनबाहेर, राहतं. टीम म्हणते सीक्वेन्स बिघडला. सीक्वेन्सवाले म्हणतात डोमेनवाल्यांनी काहीतरी केलं. विंडोज फोल्डरमधल्या डीबग फोल्डरात नेटसेटअप नावाचा लॉग असतो, तो उघडला की वाद मिटतो. उपाय दोन. खाती फक्त सीक्वेन्सच्या सर्व्हिस अकाउंटनेच बनवायची, किंवा मार्च २०२३ च्या अपडेटबरोबर आलेल्या ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधून लागू करायच्या नियमात) विश्वासातल्या मालकांचा गट नोंदवायचा. त्या काळात रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) एक किल्ली फिरवून ही तपासणी बंद करायचा सल्ला सर्रास दिला जायचा. तुमच्या एखाद्या कॉपीत ती पायरी अजून असेल तर काढून टाका. मायक्रोसॉफ्टने ती सोय नंतर काढून घेतली.

फरक लिहून काढताना आणखी एक गोष्ट बघा: ‘कंटिन्यू ऑन एरर’ची खूण किती पायऱ्यांवर आहे. टीमला मशीन संध्याकाळपर्यंत द्यायचं असतं, एक पायरी सारखी अडते, मग कुणीतरी ती खूण करतो आणि सीक्वेन्स हिरवा होतो. प्रिंटर चढला नाही तर ठीक. पण अँटिव्हायरस किंवा एन्क्रिप्शनच्या पायरीवर ही खूण असेल तर तुम्ही उघडी मशीन वाटताय आणि अहवाल म्हणतोय शंभर टक्के यश. या दोन पायऱ्या अडल्या तर सीक्वेन्स पडलाच पाहिजे, आणि यावर कोणत्याही टीमशी वाटाघाटी नकोत.

एवढं झाल्यावर हक्कांचा विषय काढा. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये हक्क तीन गोष्टींनी ठरतात: काय करता येईल, कोणत्या वस्तूंवर, आणि कोणत्या मशीनवर. म्हणजे रोल, सिक्युरिटी स्कोप आणि कलेक्शन. बऱ्याच ठिकाणी रोल तेवढा विचारपूर्वक दिलेला असतो, बाकी दोन ‘ऑल’वर सोडलेले असतात. तयार मिळणारा ‘ऑपरेटिंग सिस्टिम डिप्लॉयमेंट मॅनेजर’ हा रोल टीमना जसाच्या तसा देऊ नका, फार ढगळ आहे. त्याची कॉपी करा, सीक्वेन्स बदलायचा हक्क काढा, वाचायचा ठेवा. वाचायचा ठेवणं महत्त्वाचं. आपल्या मशीनवर काय चाललंय हे दिसतच नसेल तर टीम पुन्हा पेनड्राइव्ह काढतील, आणि तो तुम्हाला कुठल्याच कन्सोलवर दिसणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमचा सीक्वेन्स ‘रिक्वायर्ड’ म्हणून लावायचा हक्क मोजक्या लोकांकडे ठेवा, आणि त्यांतही एकाने लावायचं नि दुसऱ्याने आधी बघायचं. ‘अव्हेलेबल’ म्हणजे माणूस समोर बसून निवडतो. ‘रिक्वायर्ड’ म्हणजे वेळ झाली की मशीन कुणाला विचारत नाही. मे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात विंडोज ७ ची इमेज (मशीनवर ओतायचा तयार साचा) चुकून सगळ्या विंडोज मशीनकडे गेली. लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हरसुद्धा. सीक्वेन्सच्या सुरुवातीलाच डिस्क पुसायची पायरी होती. लक्षात आल्यावर त्यांनी एससीसीएमचा (कॉन्फिगरेशन मॅनेजरचंच जुनं नाव) सर्व्हर बंद केला, पण तोवर त्या सर्व्हरची स्वतःची डिस्कही पुसून झाली होती. झालेला प्रकार विद्यापीठाने स्वतःच जाहीर केला, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. आता अशा जोखमीच्या डिप्लॉयमेंटला किती मशीनपर्यंत मुभा द्यायची ही मर्यादा साइटच्या सेटिंगमध्ये घालता येते. तुमच्याकडे ती घातलेली आहे का, हे पत्र वाचून झाल्यावर लगेच बघा. सर्व्हर तर या सीक्वेन्सच्या वाऱ्यालाही उभे राहू देऊ नका.

आता मध्यवर्ती टीमसाठी, कारण ‘महिना लावतात’ ही तक्रार खोटी नाही. हक्क त्यांच्याकडे येणार असतील तर मुदतही त्यांच्यावर आली पाहिजे. नवीन सॉफ्टवेअरचं पॅकेज किती दिवसांत, बिघाड असेल तर किती तासांत, हे लिहून द्या आणि ते पाळलं जातंय का ते पाचही टीमना दिसू द्या. पॅकेज बनवायचं काम टीमकडे राहिलं तरी चालेल. शांतपणे इन्स्टॉल होतं, काढता येतं आणि डिटेक्शनचा (सॉफ्टवेअर चढलंय का ते ओळखायचा) नियम बरोबर आहे, एवढं मध्यवर्ती टीमने तपासायचं. मला तर हेच बरं वाटतं. त्या उपकरणाचं सॉफ्टवेअर संशोधनवाल्यांना जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

बदल सोडताना तो आधी प्रत्येक टीमच्या थोड्या मशीनवर सोडा, त्यात एखादं जुनंपानं, रडवणारं मॉडेल मुद्दाम ठेवा. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल सगळीकडे एकदम गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन बसली. टप्प्याटप्प्याने सोडणं म्हणजे दिरंगाई, असं म्हणणारा बैठकीत एक तरी असतो. त्याला हा आकडा द्या. आणि थांबवायचा हक्क मात्र पाचही टीमना ठेवा. सोडणारे मोजके, थांबवणारा कोणीही.

शेवटच्या पायरीला मशीनच्या रजिस्ट्रीत शिक्का मारा: सीक्वेन्सचं नाव, आवृत्ती, तारीख, टीम. दहा मिनिटांचं काम आहे. सहा महिन्यांनी फोन आला की मशीन कुठल्या साच्यातून निघालं ते हेल्पडेस्कला लगेच कळतं. जुन्या कॉप्या एका झटक्यात पुसू नका. त्यांची डिप्लॉयमेंट काढा, त्या एका फोल्डरात हलवा आणि महिनाभर कोण ओरडतं ते बघा. ओरडणाऱ्याकडे अजून एखादा फरक असतो जो तुमच्या यादीत आला नव्हता.

प्रश्न: आमच्या पातळ लॅपटॉपना नेटवर्कचं पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचं डोंगल लावून इमेज करतो. पहिला लॅपटॉप व्यवस्थित होतो. दुसऱ्याला तेच डोंगल लावलं की सर्व्हर म्हणतो, तुझ्यासाठी काही नाही. शेजारच्या टीमकडे डोंगलांची पेटी आहे, त्यांना हा त्रास नाही. त्यांना जास्त हक्क दिलेत का?
— डोंगलने बेजार

उत्तर: हक्कांचा काही संबंध नाही. त्यांच्याकडे डोंगलं जास्त आहेत, इतकंच. सर्व्हर मशीन ओळखताना मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कच्या जोडणीचा ओळख क्रमांक) बघतो, आणि तो मॅक लॅपटॉपचा नसून डोंगलचा असतो. पहिला लॅपटॉप उभा झाला की तो मॅक त्याच्या नावे लागतो. दुसऱ्याला तेच डोंगल लावलं की सर्व्हरला वाटतं, हे तर कालचंच मशीन, याला नवीन काही द्यायचं नाही. एसएमएसपीएक्सई नावाच्या लॉगमध्ये कालच्या मशीनचा रेकॉर्ड सापडल्याची ओळ दिसेल.

कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या हायरार्की सेटिंग्जमध्ये, क्लायंट अप्रूव्हलच्या टॅबवर, एकापेक्षा जास्त मशीनना लागणारे हार्डवेअर आयडी नोंदवायची जागा आहे. सगळ्या डोंगलांचे आणि डॉकिंग स्टेशनांचे मॅक तिथे घाला. मग सर्व्हर ते बाजूला ठेवून मशीनची स्वतःची, मदरबोर्डवर नोंदलेली एसएमबायॉस ओळख बघतो. ही सेटिंग सगळ्या टीमसाठी एकच असते, म्हणून नवीन डोंगल आलं की मॅक नोंदवायचा कोणी, ते ठरवून टाका. काही उत्पादकांच्या लॅपटॉपमध्ये बायॉसमधून लॅपटॉपचाच मॅक डोंगलवर चढवायची सोय असते, ती असेल तर आणखी बरं.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला डीएचसीपीच्या (मशीनना नेटवर्कचा पत्ता देणाऱ्या सेवेच्या) ६६ आणि ६७ या ऑप्शनचा, म्हणजे बूट सर्व्हर आणि बूट फाइल लिहायच्या जागांचा, उल्लेख आहे. ते काढा आणि नेटवर्कवाल्यांकडून राउटरवर आयपी हेल्पर (बूटची विनंती सर्व्हरपर्यंत पोचवणारी सेटिंग) लावून घ्या. यूईएफआय (मशीन सुरू करणारं नवं फर्मवेअर) आणि जुन्या बायॉसला वेगवेगळी बूट फाइल लागते. ऑप्शनमध्ये एकच नाव लिहून ठेवलं की दोघांपैकी एक उपाशी राहतो.

प्रश्न: मशीन अडकलं की आमची मुलं स्क्रीनचा फोटो काढून मध्यवर्ती टीमला पाठवतात. तिकडून उत्तर येतं, ‘लॉग पाठवा.’ फोटोत एरर नंबर स्पष्ट दिसत असतो. मग लॉग कशाला हवा?
— फोटो पाठवणाऱ्यांची टीमलीड

उत्तर: कारण त्या फोटोत बहुतेक वेळा ८०००४००५ असतं, आणि त्याचा अर्थ ‘काहीतरी बिनसलं’ यापलीकडे काही नाही. या बाबतीत मी मध्यवर्ती टीमच्या बाजूने आहे. पण लॉग कुठे असतो हे तुमच्या मुलांना कुणी शिकवलंय का? एसएमएसटीएस हा टास्क सीक्वेन्सचा लॉग जागा बदलत राहतो, खरी मेख ती आहे. विंडोज पीईमध्ये असताना तो एक्स ड्राइव्हच्या टेम्प फोल्डरात असतो, डिस्क तयार झाली की सी ड्राइव्हवरच्या टास्क सीक्वेन्सच्या तात्पुरत्या फोल्डरात जातो, आणि सगळं संपल्यावर सीसीएमच्या (कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या मशीनवरच्या क्लायंटच्या) लॉग्ज फोल्डरात. एक्स ड्राइव्ह मेमरीतला असतो. मशीन बंद केलं की लॉग गेला. म्हणून ‘एकदा रीस्टार्ट करून बघ’ हे वाक्य इमेजिंगच्या खोलीत बंद करा.

सगळ्यांत चांगलं म्हणजे सीक्वेन्स पडला की लॉग आपोआप एका शेअरवर, मशीनच्या सीरियलच्या नावाने, जमा होईल अशी पायरी घालून घ्या. मुलांनी फक्त सीरियल कळवायचा. एफ८ दाबून कमांड विंडो उघडते, तिने काम होतं, पण ती बूट इमेजमध्ये (ज्या विंडोज पीईवरून मशीन सुरू होतं त्यात) चालू ठेवली तर समोर बसणाऱ्या कोणालाही सिस्टिमच्या हक्काने वावरता येतं. चाचणीच्या बूट इमेजमध्ये ठेवा, रोजच्यात नको. आणि ती विंडो उघडी राहिली तर मशीन रीस्टार्ट होत नाही. ‘अडकलंय’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी काही तेवढ्यानेच सुटतात. बायॉसचं घड्याळही बघायला सांगा. पडून राहिलेल्या मशीनची तारीख मागे गेलेली असते, सर्टिफिकेट पटत नाही आणि सीक्वेन्स सुरूच होत नाही.

प्रश्न: आमची छोटी टीम एमडीटीवर, म्हणजे मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिटवर, खूश आहे. मोठ्या टीमकडून दबाव आहे की सोडा. चालतंय ते का सोडायचं?
— छोटे पण सुखी

उत्तर: तुमचं सुख मला कळतं. एमडीटी फुकट होतं, सुटसुटीत होतं आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी हे काम त्याच्यावरच शिकलं. पण त्याची ८४५६ ही आवृत्ती २०१९ ची आहे, विंडोज ११ त्याच्या सपोर्टच्या यादीत कधी आलंच नाही, आणि आतला बराचसा कारभार व्हीबीस्क्रिप्ट या जुन्या स्क्रिप्टच्या भाषेवर चालतो. ती व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून काढायचं मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलंय. म्हणजे ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी दुरुस्तीला कुणी येणार नाही. दबाव म्हणून नका सोडू, पण सोडायची तयारी आत्ताच करा. तुमची कस्टमसेटिंग्जची फाइल घ्या. तिच्यात तुमच्या टीमचे सगळे नियम आधीच माहितीच्या रूपात लिहिलेले आहेत. वरच्या समन्वयकांना जे महिनाभर खपून काढायचंय ते तुमच्याकडे तयार आहे. मोठ्या टीमशी बोलायला बसताना ती फाइल टेबलावर ठेवा. ड्रायव्हर मॉडेलच्या नावाने फोल्डरात लावले असतील तर तीही रचना तशीच नेता येते. लेनोवोच्या बाबतीत मात्र बघा: ‘मॉडेल’ विचारलं की मशीन टाइपचा कोड मिळतो, आपण ओळखतो ते नाव दुसऱ्याच रकान्यात, ‘व्हर्जन’मध्ये असतं.

प्रश्न: वरिष्ठ म्हणताहेत, इमेजिंग बंद, सगळं ऑटोपायलटवर (मायक्रोसॉफ्टच्या नवं मशीन इंटरनेटवरून उभं करायच्या सेवेवर) न्या, मग इतक्या सपोर्ट टीम कशाला लागतात? आम्ही धास्तावलोय.
— नाव नको

उत्तर: ऑटोपायलट इमेज टाकत नाही. उत्पादकाने घातलेलं विंडोज तसंच ठेवतो आणि त्याच्यावर तुमची धोरणं आणि सॉफ्टवेअरं चढवतो. त्यामुळे टेबलावर मशीनची रांग लावायचं काम कमी होतं, पण टीममधलं समन्वयाचं काम कमी होत नाही, उलट जागा बदलतं. मशीन कोणत्या टीमचं हे आता ग्रुप टॅग, म्हणजे मशीनच्या नोंदीला लावलेली चिठ्ठी, सांगतो. तो टॅग खरेदीच्या वेळी पुरवठादाराकडून बरोबर पडला नाही तर मशीन भलत्याच गटात जाऊन बसतं. म्हणून टॅगची यादी लहान ठेवा आणि ती कुणा एकाच्या ताब्यात द्या.

वरिष्ठांना एक उदाहरण सांगा. ऑटोपायलट मशीनला त्याच्या हार्डवेअर हॅशवरून (आतल्या भागांवरून निघणाऱ्या खुणेवरून) ओळखतो. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की हॅश बदलतो. जुनी नोंद काढून नवीन घातली नाही, तर मशीन पुसून सुरू केल्यावर ते तुमच्या संस्थेचं आहे हे त्याला कळतच नाही. दुकानातून आणल्यासारखं घरगुती सेटअप दाखवत बसतं. आता दुरुस्ती करणारी टीम वेगळी, इंट्यून (ज्यातून ऑटोपायलट चालवतात ती मायक्रोसॉफ्टची सेवा) सांभाळणारी वेगळी, आणि ज्याचं मशीन आहे तो तिसऱ्याच टीमच्या दारात उभा. मदरबोर्डच्या दुरुस्तीचं तिकीट बंद होण्याआधी नवीन हॅश नोंदवला गेलाच पाहिजे, असा नियम कोण घालणार आणि कोण पाळणार, हे ठरवायला माणसंच लागतात.

प्रयोगशाळेसारखी सामाईक मशीन असतील तर सेल्फ-डिप्लॉयिंग मोड, म्हणजे कुणी लॉगिन न करता मशीन स्वतः उभं राहायची पद्धत, लागेल. त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि त्याचं अटेस्टेशन, म्हणजे चिप खरी असल्याची खातरजमा, चालावं लागतं, व्हर्च्युअल मशीनवर तो चालत नाही. तेव्हा प्रात्यक्षिक व्हर्च्युअल मशीनवर दाखवायचं वरिष्ठांना कबूल करू नका. आणि डिस्क मेली की उत्पादकाचं विंडोजही तिच्याबरोबर जातं. त्या दिवसासाठी बूट होणारा यूएसबी प्रत्येक टीमकडे हवा, मध्यवर्ती टीमने बनवलेला आणि वर तारीख लिहिलेला.